रेडिएशननंतर दुसरा कर्करोग होण्याची भीती कितपत खरी?

प्रश्न
माझ्या आईच्या (वय 58) डाव्या स्तनातली गाठ काढली असून पुढच्या आठवड्यात तिचे रेडिएशन सुरू व्हायचे आहे. संमतिपत्रावर सही करताना ‘कालांतराने दुसरा कर्करोग उद्भवू शकतो’ ही ओळ वाचून तिचा हात थांबला आणि आता तिला हे उपचारच नकोसे झाले आहेत. हा धोका नेमका किती असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 (रेडिएशन विभागातील डॉक्टर)
ताई, ती ओळ खरी आहे. पण स्तन राखून फक्त गाठ काढलेल्या स्त्रियांच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अभ्यासात 10 वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण रेडिएशनमुळे 35 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर आले, हेही आईंना सांगायला हवे. फुप्फुसाचा काही भाग किरणांच्या वाटेत येतो, त्यामुळे तिथे पुढे, बहुधा 10 वर्षांनंतर, कर्करोग होऊ शकतो. 2017 च्या अभ्यासातील अंदाजानुसार धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीत हा वाढीव धोका सुमारे 0.3 टक्के, तर ते चालूच ठेवणाऱ्या स्त्रीत सुमारे 4 टक्के असतो. आई धूम्रपान करत असतील, तर ते सोडण्याइतका मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडणार नाही. एक मात्र आवर्जून विचारतो : घरात कोणाला अगदी तरुणपणी सार्कोमा (हाड, स्नायू अशा ऊतींचा कर्करोग) किंवा मेंदूचा कर्करोग झाला होता का?

उत्तर 2
मला रेडिएशननंतर सहाव्या वर्षी त्याच स्तनाच्या त्वचेवर मसुरीएवढा जांभळट डाग दिसला. कुठेतरी मार लागला असेल, असे मी समजले आणि ज्यांना दाखवला त्यांनीही मलम दिले, त्यात दोन महिने गेले. शेवटी तुकडा तपासल्यावर अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग) निघाला व शस्त्रक्रिया करावी लागली. हा आजार साधारण हजारात एखादीला होतो, त्यामुळे आईंनी उपचार नाकारू नयेत असेच मी कळकळीने सांगेन. मात्र किरण दिलेल्या जागी न जाणारा डाग दिसला, तर तुकडा तपासण्याचा आग्रह धरावा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आई धूम्रपान करत नाही. परंतु माझे मामा तिशीच्या आतच हाडाच्या सार्कोमाने गेले, हे आम्ही डॉक्टरांना कधी सांगितलेलेच नाही.

उत्तर 1
मग पहिल्या सत्राच्या आधीच सांगा. तरुणपणी होणाऱ्या अशा कर्करोगांमागे कधी कधी टीपी53 या कर्करोगाला आळा घालणाऱ्या जनुकातला उपजत दोष असतो. तो आईंमध्येही असेल, तर किरणांमुळे नवा कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो आणि अशा वेळी शक्यतो रेडिएशन टाळून दुसरा मार्ग निवडतात. जनुक तपासणीची गरज आहे का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील.