मदत हवी आहे : पोकरमध्ये तिसरं बॅरल (फ्लॉप, टर्ननंतर रिव्हरलाही सलग तिसरा बेट) कधी थांबवायचं?
मंडळी, पणजीत मांडवीतल्या बोटीवर १००/२०० ब्लाइंड्सचा (सुरुवातीच्या सक्तीच्या बेट्सचा) कॅश गेम, माझा आणि समोरच्या एका खेळाडूचा स्टॅक (चिप्स) प्रत्येकी ४०,०००. त्याने १,००० रेज केलं, मी बटनवर (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी खेळायची जागा) बदामचा एक्का-पंजा घेऊन ३,२०० ला थ्री-बेट (रेजवर परत रेज), त्याचा कॉल. फ्लॉप (पहिली तीन सामाईक पानं) राजा-अठ्ठी-तिर्री, दोन बदाम, मी २,२०० टाकले, त्याचा कॉल, टर्नला (चौथं पान) ७,५००, परत कॉल, रिव्हरला (शेवटचं पान) बदाम आलंच नाही, म्हणजे पाच बदामांचा फ्लश हुकला, आणि मी उरलेले २७,१०० ऑल-इन, त्याने थोडा वेळ चिप्स चाळवल्या आणि राजा-राणीवर कॉल! ऑल-इनच्या आधी पॉट २६,१०० चा, म्हणजे तो निम्म्याहून जास्त वेळा फोल्ड झाला तरच ब्लफ परवडतो, पण असे लोक टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी) सोडतच नाहीत हो. मग अशांसमोर रिव्हरचा ब्लफ बंदच करून फक्त व्हॅल्यूला (हातात खरंच चांगली पानं असताना) मोठं बेट करायचं, की माझी थ्री-बेटच चुकली? जाणकारांनी प्लीज सांगा.