अनुभव: यादीत नाव

निवृत्त_मास्तर
काल दुपारी दारात बीएलओ आल्या, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथ लेव्हल ऑफिसर. अंगणवाडीच्या ताई, काखेत कागदांची पिशवी. घरात कोण कोण आहे विचारलं, खुणा केल्या, पाणी प्यायल्या, गेल्या. पाच मिनिटांचं काम. आणि मला २०१३ चा डिसेंबर आठवला. लोकसभेआधीची नोंदणी चालू होती, मी शाळेत मास्तर आणि त्या भागाचा बीएलओ.

गावाबाहेर गायरानावर पारध्यांची अकरा पालं होती. माझ्या यादीत त्यांतलं एकही नाव नव्हतं. नाव नोंदवायच्या अर्जांचा, नमुना ६ चा, गठ्ठा घेऊन गेलो तर बाया पालात शिरल्या, गडी रानाकडे पांगले. एक म्हातारी तेवढी बसून राहिली. म्हटलं, आजी, यादीत नाव घालायचंय. ती म्हणाली, "घालू नगं बाबा. एकदा घातलं की निघत न्हाई."

घरी येईपर्यंत मला त्याचा अर्थ लागला नाही. तिच्या लेखी यादी म्हणजे पोलीस ठाण्याची. जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या, १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यातली पोलिसांपुढची हजेरी तिच्या बापाने दिलेली, तो सोलापूरच्या सेटलमेंटात, म्हणजे अशा जमातींना डांबायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड वाढलेला. तो कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पण गावात चोरी झाली की पहिली गाडी अजूनही त्याच पालांवर यायची.

मग मी 'यादी' हा शब्दच टाकला. 'मताचा कागद' म्हणू लागलो. पत्ता काय लिहायचा हा पुढचा प्रश्न. बेघर माणसाला राहण्याचा पुरावा लागत नाही. तो तिथेच झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन, एकाहून जास्त वेळा बघायचं असतं. दोन रात्री बॅटरी घेऊन गेलो. पहिल्या रात्री कुत्री अंगावर आली, दुसऱ्या रात्री त्याच म्हातारीने काळा चहा दिला.

सतरा नावं चढली. म्हातारीचं नाही. तिने अंगठा दिला नाही आणि मीही जास्त ओढून धरलं नाही. ते बरोबर केलं का, अजून मनाशी ठरत नाही.

कुणाचं नाव नोंदवताना, किंवा स्वतःचंच, तुम्हाला काय अनुभव आला? लिहा.

गोदाकाठ
आमच्याकडे उलटं मास्तर. नाव असतं, माणूस गावात नसतो. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला आणि उसाचा गाळप हंगाम १५ पासून. मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली, ऊसतोडीची टोळी निघणार म्हणजे निघणार. लोकसभेला १३ मे ला सगळे घरी होते, पट्टा पडलेला. विधानसभेला आमच्या वाडीतल्या बायांनीच ठरवलं, मत टाकल्याशिवाय ट्रॅक्टरमध्ये भांडी चढणार नाहीत. मुकादम दोन दिवस चिडचिड करत पारावर बसून होता. २० ला सकाळी सात वाजता पहिल्या रांगेत आमची आई, बोटाला शाई लावून दहाला ट्रॅक्टरात

सुमेधा_ठाणे
पट्टा पडणे म्हणजे?

गोदाकाठ
कारखाना बंद होणे ताई. हंगाम संपला की पट्टा पडला म्हणतात

केजची_लेक
अय्या गोदाकाठ, तुम्ही पण बीडकडचे वाटता, माझं माहेर केज! तुमची वाडी कुठल्या बाजूला? आमच्या चुलत्यांचा पण कोयता होता, जोडीने ऊस तोडायला जायचे. आईला सलाम सांगा.

अनघा_सिस्टर
मी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत नर्स होते. तिथल्या एका आबांच्या दोन्ही हातांना बोटं नव्हती. केंद्रावरचा तरुण कर्मचारी शाईची काडी हातात धरून थिजला. कुठे लावू? मागे रांग. आबा हात पुढे करून उभे, कुणी त्यांच्या हाताकडे बघेना. नियम स्पष्ट आहे: डाव्या हाताची तर्जनी नसेल तर त्याच हाताचं दुसरं बोट, डाव्याला बोटंच नसतील तर उजव्याची तर्जनी, मग उजव्याचं दुसरं बोट, काहीच नसेल तर हाताच्या टोकाला. केंद्राध्यक्ष बाईंनी पुस्तिका उघडून वाचलं आणि स्वतः आबांचा हात धरून शाई लावली. हातमोजे न घालता. आबा परत येताना सगळ्या वसाहतीला हात दाखवत आले. शाई वर्षानुवर्षं म्हैसूरहून येते ना, ती आठवडाभर जात नाही. त्यांनी तो हात पाण्यात घालायचंच टाळलं, ड्रेसिंग करताना मला रागवावं लागलं.

सुमेधा_ठाणे
सिस्टर 🙏 डोळ्यात पाणी आलं लोकलमध्ये

रेशीम
माझ्या मैत्रिणीबद्दल लिहिते, तिला विचारून. ती तृतीयपंथी आहे. तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता देणारा १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. अर्जावर तिसरा रकाना आहे, तो भरणं सोपं. पण नाव? कागदावर आईवडिलांनी ठेवलेलं, आणि त्या घराने तिला बाहेर काढलेलं. पत्ता गुरूच्या घरचा दिला. दुरुस्तीचा नमुना ८ दोनदा परत आला, तिसऱ्यांदा झाला. आणि मतदानाच्या दिवशी रांग कोणती? पुरुषांच्या रांगेत ढकलत होते, बायकांच्या रांगेत एक आजी म्हणाल्या, "ये गं, माझ्या पुढं उभी राहा, माझे पाय दुखतात, मला धर." तेवढंच. ती अजून त्या आजींचं नाव काढते.

कर्जत_लोकल
वीटभट्टीवरच्या कातकरी बायांचे अर्ज भरत होतो. नाव सांगा म्हटलं तर "गण्याची आय". तुमचं नाव हो. "तेच की." नवऱ्याला विचारलं, तोही गप्प. शेवटी तिच्या बहिणीने लांबून ओरडून सांगितलं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं गळली होती, कारण अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच नोंदलेलं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नावं ठेवू दिली नाहीत. वाचताना मला ते कठोर वाटायचं. भट्टीवर त्या बाईने स्वतःचं नाव दोनदा म्हणून बघितलं, तेव्हापासून वाटत नाही.
बाकी नंतर, कुकरची तिसरी शिट्टी झाली

केजची_लेक
आमच्या घरकामाच्या मावशींची झोपडपट्टी पाडली, त्या दुसरीकडे गेल्या आणि नाव उडालं. मतदानाच्या दिवशी कळलं. तीन तास उन्हात उभ्या होत्या. मला घरी येऊन विचारतात, ताई मी काय चुकले? काय सांगू

निवृत्त_मास्तर
काही चुकलं नाही त्यांचं. निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, आत्ताच १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लावून नाव आहे का बघा. नसेल तर नमुना ६. आता वय मोजायच्या चार तारखा आहेत वर्षात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. घरात अठराची पोर असेल तर तिचंही लगोलग.

केजची_लेक
आहे, धाकटी. तिलाच बसवते अर्ज भरायला. मास्तर, त्या आजींनी पुढे कधी दिला का अंगठा?

निवृत्त_मास्तर
नाही. पुढच्या पावसाळ्यात पालं उठली तिथून. सतरा नावं माझ्याच यादीत राहिली, माणसं कुठे गेली ते ठाण्याला माहीत असेल, मला नाही.

अनघा_सिस्टर
😞

सुमेधा_ठाणे
विषय थोडा वेगळा. आमच्या सोसायटीचा वॉचमन ओडिशाचा, नऊ वर्षं इथेच राहतो बायकोसकट. त्याचं इथे होईल का?

निवृत्त_मास्तर
होईल. राहतो तो जिथे, नाव तिथे. गावचं असेल तर नमुना ८ ने बदलून घ्यायचं. पण आधी त्याला विचारा बाई, गावचं मत सोडायचंय का. तिथे शेत असेल, भाऊबंद असतील.

सुमेधा_ठाणे
हो की. हे मी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी विचारते, आत्ता तो पंप चालू करायला खाली गेलाय.