कावळे, कुत्रा आणि दही : शब्द पाळायचा की हेतू?

दहीभात : 'कावळ्यांपासून दही राख' असं सांगून आई गेली. कुत्रा आला तरी पोरगं ढिम्म! आईनं कुत्र्याचं नाव कुठं घेतलं होतं? शास्त्रकारांचं हे जुनं उदाहरण. पण न्यायालयांना ते अजून उमगत नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ७ मधल्या लैंगिक हल्ल्यासाठी त्वचेला त्वचा लागायला हवी, कपड्यावरून स्पर्श पुरेसा नाही, असं ठरवलं. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. शब्दाला चिकटून बसलं की हे असं होतं.

काळा कोट : उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, राव. कलम ७ उघडा. तिथं 'स्पर्श' आहे, 'शारीरिक संपर्क' आहे. 'त्वचा' कुठंच नाही. तो शब्द बाहेरून आणला. अक्षराला धरून राहिले असते तर आरोपी पॉक्सोतून सुटला नसता.

आता पराशरस्मृती हा धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ घ्या :

नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ ।
पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते ॥

सरळ अर्थ : नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच संकटांत बाईला दुसरा पती करता येतो. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाची बाजू याच श्लोकावर मांडली, १८५६ मध्ये कायदाही झाला. विरोधक म्हणाले, इथं न दिसणारा अवग्रह (लोपलेल्या 'अ'ची खूण, ऽ) आहे, 'पतितेऽपतौ' वाचा. अपती म्हणजे वाग्दान झालेला, लग्न न लागलेला. शब्द कोणी सोडला मग?

सप्तमी_एकवचन : एवढं सोपं नाही हो. पाणिनीप्रमाणे 'पति'ची सप्तमी 'पत्यौ'. 'पतौ' फक्त समासात चालतं. 'अपति' हा समास, म्हणजे व्याकरण काटेकोर धरलं तर 'अपतौ'च शुद्ध! (स्मृतींमधल्या आर्ष, म्हणजे पाणिनीच्या नियमांत न बसणाऱ्या जुन्या, रूपांकडे मग डोळेझाक करायची, ही गंमत वेगळीच.)

काळा कोट : पुढची ओळ वाचा ना. 'पतिरन्यो', म्हणजे दुसरा पती. पहिला पतीच नव्हता, तर हा दुसरा कसला? आणि हेतू शोधणाऱ्यांनी तरी काय दिवे लावले? माधवाचार्य या स्मृतीवरच्या भाष्यात सांगून मोकळे, की हे वचन दुसऱ्या युगासाठी. अहो, ही स्मृती स्वतःला कलियुगाची म्हणवते!

दहीभात : कलम ७ बद्दल चुकलो, मान्य. पण विद्यासागरांना आधी बालविधवांचे हाल दिसले, श्लोक नंतर सापडला. नुसता श्लोक तर शेकडो वर्षं पडूनच होता.

काळा कोट : विरोधकांचंही तसंच की. विधवेनं लग्न करायचं नाही हे आधीच ठरलेलं, अवग्रह नंतर सापडला.