बोन्साय थंडीत आत घेऊ का बाहेरच ठेवू? उद्या रात्री उणे ९ आहे, प्लीज लवकर सांगा

कुंडीवाली: तीन बोन्साय आहेत. नवरा म्हणतोय आत घे, यूट्यूबवर सगळे म्हणतात बाहेरच ठेवा. मागच्या वर्षी घरात घेतलं होतं ते फेब्रुवारीपर्यंत हिरवंगार होतं आणि मग हात लावला की सगळं झडायलाच लागलं. या वर्षी एकही घालवायचं नाहीये मला.

रानजाई: कुठली झाडं? राहता कुठे? काहीच लिहिलं नाहीये.

कुंडीवाली: सॉरी, शिकागो. ज्युनिपर (ते बारीक पानांचं सदाहरित झाड), जपानी मेपल आणि फायकस. फायकस सप्टेंबरपासून आतच आहे पण पानं गळताहेत.

धुकं: फायकस म्हणजे आपल्या वडा-पिंपळाच्या घरातलं, त्याला थंडी चालतच नाही. उजेड कमी पडला की पानं गाळतं, ग्रो लाइट (झाडांसाठीचा दिवा) लावा. ज्युनिपर मात्र घरात अजिबात नको, त्याला हिवाळी झोप, म्हणजे थंडीत वाढ थांबवून विश्रांती, हवीच असते. तुमचं गेलं ते ज्युनिपरच असणार, मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं ते. बाहेरची दोन्ही कुंडीसकट जमिनीत पुरा, वर पालापाचोळा. मी १२ वर्षं हेच करतोय.

कुंडीवाली: पुरू कुठे? तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी आहे फक्त.

धुकं: हे आधी सांगायचं ना.

रानजाई: बाल्कनीत भिंतीला लागून मोठा खोका, कुंड्यांभोवती लाकडाचा भुसा गच्च भरा. फांद्यांपेक्षा मुळं नाजूक असतात, जमिनीत ती वाचतात पण एवढ्याशा कुंडीत आरपार गोठतात.

धुकं: उणे २० ला खोका काय करणार? हीटर नसलेलं गॅरेज बघा.

रानजाई: अंधारात ज्युनिपर?

धुकं: शून्याच्या आसपास झाड झोपलेलंच असतं, त्याला उजेड लागत नाही. खरा वैरी वारा. मुळं गोठली की पाणी वर चढत नाही आणि वारा पानांतलं शोषत राहतो, झाड चक्क वाळून मरतं.

सदाशिवपेठी: तारा गुंडाळल्या असतील तर आधी काढा, सालीत रुततात.

कुंडीवाली: तारा नाहीयेत हो.

वडाचीपारंबी: इथे पुण्यात माझा १५ वर्षांचा वड आहे कुंडीत. वटपौर्णिमेला फांद्या तोडून विकतात ते बघवत नाही म्हणून पूजा त्याचीच करते. कोणाला फोटो हवेत का?

रानजाई: हवेत, पण वेगळा धागा काढा ना ताई.

कुंडीवाली: खाली बेसमेंटमध्ये पार्किंग आहे, हीटर नाही. आत्ता थर्मामीटर ठेवून आले, ३ दाखवतंय.

धुकं: अहो मग प्रश्नच मिटला! दोन्ही तिथेच. ७-८ च्या वर जाऊ देऊ नका, वेळेआधी जाग येते. आणि मेपलची पानं गळली असतील ती कुंडीतून काढा, बुरशी धरते.

कुंडीवाली: आणि पाणी? आठवड्यातून एकदा?

रानजाई: वार बघून नाही. बोट खुपसून बघायचं, वरचा थर कोरडा लागला तरच, आणि माती गोठलेली असताना नाही. बर्फ पडला तर ओंजळभर आणून कुंडीत टाका, हळूहळू वितळतो.

कुंडीवाली: दोन्ही खाली ठेवून आले आत्ता. शेजाऱ्याच्या गाडीच्या एक्झॉस्टसमोर आलंय मेपल, ते चालेल का?

धुकं: नाही! हलवा.