कारल्याचा रस, गुडमार, जांभूळबी... सासऱ्यांना काय देऊ, काय नको?

नौपाडेकर
सासरे ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळ्या चालू, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२. तलावपाळीला फिरताना कुणीतरी कारल्याचा रस आणि गुडमार या औषधी वेलीचा अर्क सुचवलाय, 'गोळ्या सुटतील' म्हणे. परवा जांभळी नाक्यावरून जांभूळबीची पावडरही आली. कुणी घेतलंय का हे?

घणसोलीकर
मेथी घेतोय, दोन वर्षं झाली. रात्री चमचाभर भिजवायची, सकाळी पाण्यासकट चावून खायची. तिचा तो बुळबुळीतपणा आहे ना, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. माझा जेवणानंतरचा आकडा खाली आला, उपाशीपोटीचा फारसा नाही. गोळी आहेच. (घामाला मेथीचा वास येतो, बायकोने बोलून दाखवलंय.)

ऐरोलीची माई
ताई, ग्लिमेपिराइड आहे ना? मग रस आधी थांबवा. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, वर कारलं आणि गुडमारही साखर खालीच ओढतात. आमच्या ह्यांनी उपाशीपोटी पेलाभर रस घेतला आणि फिरायला गेले. बागेतच दरदरून घाम, हात लटपटायला लागले. ग्लुकोमीटरवर ५४! खिशात साखरेची पुडी होती म्हणून निभावलं. कारल्याची भाजी खुशाल करा, रसाचं प्रकरण वेगळं. आणि उद्या कुणी दुधीचा रस सांगितलाच, तर आधी थेंबभर चाखायचा. कडू लागला की सरळ मोरीत. कडू दुधी जिवावर बेततो.

साधा केमिस्ट
एलडीएलचं सगळे विसरलात. तिथे इसबगोल. त्याचे विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतात, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. अमेरिकेत तर १९९८ पासून, दिवसाला ७ ग्रॅम विरघळणारे तंतू या हिशोबाने, हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असं पाकिटावर छापायला परवानगी आहे. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) लिहून दिलं असेल तर त्याऐवजी मात्र नाही.

गुडमारचं पान चघळून साखर खाल्ली तर ती वाळूसारखी लागते, गंमत म्हणून ठीक. पण पानांचं चूर्ण आणि अर्क एक नव्हे, अर्क कितीतरी तीव्र. डबीवर प्रमाण लिहिलेलं नसेल तर घेऊच नका. जांभूळबीने अपाय झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही, उपाय झाल्याचंही नाही.

आणि काकांना सांगा, मेटफॉर्मिनचा उगमही युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका रोपातच आहे.

नौपाडेकर
माई, रस आजपासून बंद. खिशात साखरेची पुडी ठेवली. इसबगोल आणि मेथीचं शनिवारी डॉक्टरांना विचारूनच सुरू करू. केमिस्टदादा, तुमचं वाक्य सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं झाडपालाच घेतोय की!" आज गोळी न सांगता घेतली. जांभूळबी मात्र अजून उशाशीच आहे.