गोष्ट ऐकतात, पण सांगायला लावली की अडतात

बाई_डिचोली
तिसरीचा मराठीचा वर्ग, 28 मुलं. निम्म्यांच्या घरी कोंकणी, बाकीच्यांकडे हिंदी नाहीतर कन्नड. गोष्ट मन लावून ऐकतात. सांगायला लावली की ‘मीने पाव आणला’, ‘कुत्रा टोपी पळवला’. गोष्ट केवढी असावी, प्रश्न कसे विचारावेत?

कथाताई
बाई, आठ-दहा वाक्यांपलीकडे नको. नवे शब्दप्रयोग तीनच. त्यांचा अर्थ फळ्यावर कोंकणी-हिंदीत लिहून मोकळ्या व्हा, ओळखायला लावण्यात तास संपतो. पोदेराची (गोव्यातल्या पाववाल्याची) गोष्ट रचा: पोदेर आला, त्याने भोंपू वाजवला, कुत्र्याने पाव पळवला, मग टोपी पळवली, शेवटी अख्खं टोपलंच पळवलं. तिन्ही लिंगं एकाच खोडीत.

आधी हो-नाहीचे प्रश्न (‘मांजराने पळवली का?’), मग दोनांतलं एक (‘पाव पळवला की टोपी पळवली?’), मग ‘कोणी?’. ‘का?’ दुसऱ्या दिवशी. ‘काय पळवलं?’ मात्र सुरुवातीला विचारूच नका. ‘काय’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘पळवलं’. मुलं तेच उचलतात आणि उत्तर देतात ‘टोपी पळवलं’. ही चूक आपणच शिकवलेली असते.

व्याकरणवेडा
तुमच्या दोन चुकांची मुळं वेगळी आहेत. ‘मीने’ आलं हिंदीतल्या ‘मैंने’वरून. कोंकणी मुलांनाही ‘हांवें’ची (म्हणजे ‘मैंने’चीच) सवय, त्यामुळे नुसतं ‘मी’ त्यांना अपुरं वाटतं. ‘कुत्रा टोपी पळवला’ ही कन्नडची वाट: तिथे क्रियापद कर्त्याप्रमाणेच बदलतं.

‘कुत्र्याने’ पक्कं झालं की एका मुलाला कुत्रा करा, बाकी वर्ग पोदेर. ‘तू टोपी पळवलीस?’ ‘हो, मी टोपी पळवली.’ कुत्रा बदलत राहा. ‘मी’, ‘तू’ला ‘ने’ लागत नाही हा नियम त्यानंतर सांगायचा, तोही एका ओळीत.

चिमणचारा
भूतकाळाचा कंटाळा आला की काऊ-चिऊ. ‘चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.’ साचा तोच, काम बदलायचं: तीट लावते, जेवायला घालते, झोपवते. लाजऱ्या मुलाला काऊ करा, त्याला एकच वाक्य असतं. मुलगा चिऊ झाला तरी ‘घालते’च. वर्ग हसतो, हसू दे.

बाई_डिचोली
टोपलं उद्याच घेते. चुकलं तर मध्येच थांबवायचं का?

कथाताई
थांबवू नका. बरोबर वाक्य प्रश्न करून परत द्या: ‘अगंबाई, कुत्र्याने टोपी पळवली?’ बहुतेक वेळा ‘हो, पळवली’ असंच येतं.