रूफटॉप तंबू बांधताना कव्हरची चेन बसत नाही, शिडीकडची बाजू झुकते: नेमका क्रम काय?

चाकावरचा_मुक्काम:

नमस्कार मंडळी,

गाडीच्या टपावर बसवलेला तंबू मऊ कव्हरचा आहे, मधल्या बिजागरीवर दुमडणारा. दोन माणसांचा, कापड पॉलीकॉटन (सूत आणि पॉलिस्टरचं मिश्रण), शिडी टेलिस्कोपिक, गादी 6 सेंमी जाडीची. उघडताना काही अडचण नाही. घोळ सगळा बांधताना होतो.

कव्हरची चेन शेवटच्या कोपऱ्याशी वीतभर उरतेच. दोघांनी दाबून धरलं तर कशीबशी बसते, पण आता तिथले दात वाकडे व्हायला लागलेत. दुसरं, झोपल्यावर शिडीकडची अर्धी बाजू खाली झुकल्यासारखी वाटते. तिसरं, पाऊस नसला तरी सकाळी गादीची खालची बाजू ओली. तंबू गळतोय का?

पांघरुणं आतच ठेवून बांधतो, ते चुकतंय का? आधी काय, मग काय, असा क्रम कुणी सांगेल का? व्हिडिओंमध्ये सगळं दोन मिनिटांत आटोपतं आणि चेन लावण्याचा भाग नेमका कापलेला असतो.

नटबोल्ट:

चेन उरते याचा अर्थ आत हवा, कापड किंवा पांघरूण कुठेतरी एका जागी गोळा झालंय. चेनशी झटापट करू नका, रनर (चेनचा सरकणारा तुकडा) फाकला की कव्हरच बदलावं लागतं. दोष त्याच्या आधीच्या पायऱ्यांमध्ये शोधा.

सुरुवात आतून. उशा बाहेर काढा. पांघरुणं ठेवायचीच असतील तर एकच थर, सपाट, आणि बिजागरीच्या रेषेपासून दोन्हीकडे हातभर लांब. बिजागरीजवळ दोन सेंमीची जास्त जाडी आली की समोरची मोकळी कड त्याच्या कितीतरी पट वर राहते. बहुतेकांची चेन इथेच अडते, आणि शोध मात्र कोपऱ्यात चाललेला असतो.

मच्छरदाण्यांच्या चेन पूर्ण लावा, पण एका खिडकीची बाहेरची झडप उघडी राहू द्या, शक्यतो वाऱ्याच्या आडोशाची. सगळं घट्ट बंद केलं तर आतली हवा जाणार कुठे? झडप उघडी असली की हवा जाळीतून निघते आणि किडे आत येत नाहीत.

आता बाहेरून खिडक्यांच्या सळया. सळईचं खालचं टोक तंबूच्या पायाच्या (तळाच्या) भोकातून आधी काढा, मग वरचा आकडा. लावताना याच्या उलट: आधी आकडा कापडाच्या रिंगमध्ये, मग सळई वाकवून खालचं टोक भोकात. ही स्प्रिंग स्टीलची असते आणि ताणलेली असते. तोंड बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी धरूनच सोडा. एकही सळई लागलेली राहिली आणि तंबू दुमडला, तर कापडाला भोक ठरलेलं.

तंबूबरोबर लवचिक दोरी आली असेल तर ती साधारण मध्यावर, सगळीकडून गुंडाळून आकड्यात अडकवा. दुमडताना ती कापड आत ओढते. दोरी नसेल तर 6 ते 8 मिमी जाडीची कुठलीही इलॅस्टिक दोरी चालते, फक्त धातूच्या आकड्यांची नको.

मग शिडी. शिडी आधी मिटवू नका. पूर्ण उघडी, लॉक लागलेली शिडीच तुमची तरफ आहे. पायाकडून उचला आणि वर ढकलत न्या. बाहेरची अर्धी फळी (तंबूच्या तळाचा उघडून बाहेर येणारा भाग) उभी झाली की थांबा. जोडीदाराने दोन्ही टोकांना फिरून कमानींमध्ये अडकलेलं कापड आत ढकलावं. अ‍ॅल्युमिनियमच्या कमानी जिथे कोपरात दुमडतात तिथे कापड चिमटीत सापडतं, आणि दुमडीवरची ती बारीक भोकं तिथलीच. फळी आणखी खाली आणा, पण वीतभर फट राहू द्या. तीन मोकळ्या बाजूंनी कापड हाताच्या पंजाने, बोटांच्या टोकांनी नव्हे, सपाट आत सारा. कोपऱ्यांत गोळा करू नका, बाजूने पसरवत न्या. मग पूर्ण खाली.

आता शिडी मिटवून वर आडवी ठेवा. टेलिस्कोपिक असेल तर उभ्या नळ्यांना बाहेरून धरा, पायऱ्यांच्या मधे बोट नको. एकही कप्पा अर्धवट राहिला तर कव्हरखाली उंचवटा येतो.

पट्टे दोन्ही एकदम ओढू नका. एक थोडा, दुसरा थोडा, परत पहिला. दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून अंगाचं वजन वरून टाकलं की हवेचा सुस्कारा ऐकू येतो. तेव्हा ओढा. पट्टे नीट आवळले असतील तर कव्हर न ताणता बसतं.

कव्हर ओढताना ज्या बाजूला ते कायम अडकवलेलं असतं तिकडून सुरू करा, पण चेन लावायच्या आधी समोरचे दोन्ही कोपरे जागेवर बसवा. तुमचं कव्हर बहुधा एका बाजूला सरकलेलं असतं, म्हणून एकच कोपरा उरतो. रनर दोन असतील तर दोन्हींना आधी आपापला कोपरा वळवून आणा, मधली सरळ बाजू शेवटी. सरळ बाजू आधी लावली तर कोपऱ्याला ढील उरत नाही. रनरच्या पुढे दोन बोटं घालून कापड आत दाबत चला.

थंडीत पीव्हीसीचं कव्हर कडक होतं. जमेल तर ऊन लागेपर्यंत थांबा. चेनवर साधं मेण घासा. तेल किंवा ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते आणि दात घासले जातात. वाकडे झालेले दात मात्र सरळ होत नाहीत. शिंप्याकडून तेवढा भाग बदलून घ्या. रनर नवा टाकला तरी काही महिन्यांत तोही सुटतो.

शिडीची_पायरी:

झुकण्याबद्दल. बाहेर आलेल्या अर्ध्या फळीचा भार शिडीने घ्यायचा असतो, बिजागरीने नव्हे. शिडी एक टप्पा आखूड पडली की ती कड खाली लटकते आणि झोपलेल्या माणसांचं वजन बिजागरीच्या रिव्हेटवर येतं. उलट शिडी लांब झाली तर कड वर उचलली जाते आणि मधे घळ पडते. दोन्ही वाईट, पण लटकणं जास्त वाईट.

टेलिस्कोपिक शिडीचा टप्पा साधारण 30 सेंमीचा असतो, म्हणून अचूक उंची क्वचितच जुळते. उपाय साधा: शिडी एक टप्पा आखूड ठेवून पायाखाली फळ्या घाला. 30 बाय 30 सेंमीच्या, 2 सेंमी जाडीच्या दोन-तीन फळ्या गाडीत असाव्यातच. मऊ जमिनीत त्या पाय रुतू देत नाहीत, हा दुसरा फायदा. शिडीचा कोन 70 ते 75 अंश. फळी जमिनीपासून 2 मीटर उंच असेल तर शिडीचा पाय कडेच्या रेषेपासून 55 ते 70 सेंमी बाहेर. यापेक्षा उभी केली तर चढताना मागे तोल जातो, जास्त पसरवली तर पाय सरकतो. शिडी सरकत्या नळीची, भोकं आणि खिट्ट्यांची असेल तर काम सोपं आहे, कारण एकेक भोक वरखाली करता येतं.

प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर आल्यात का ते बघा, नुसत्या "टक" आवाजावर विसंबू नका. आत माती गेली की एका बाजूची खिट्टी अर्धवट राहते आणि चढल्यावर बसते. नळ्या कोरड्या फडक्याने पुसून वर सिलिकॉन स्प्रेचा हलका हात पुरे.

आणि हे सगळं करण्याआधी गाडी समपातळीत आणा. पाणसळ तंबूच्या पायावर ठेवा, डॅशबोर्डवर नव्हे. खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी, मग गिअर, हँडब्रेक आणि चाकाला अडण. थोडा उतार राहिलाच तर डोकं चढाकडे. फळी नीट बसली तरी एकजण आत गेल्यावर पाणसळ पुन्हा बघा. गाडी स्प्रिंगवर दबते, शिडी दबत नाही. त्यामुळे रिकाम्या तंबूत जुळलेली पातळी माणसं चढल्यावर बदलते.

गाडी लावताना शिडीच्या बाजूला तंबूची उघडी रुंदी अधिक मीटरभर जागा मोकळी आहे ना आणि वर फांद्या नाहीत ना, तेही बघा. वारा असेल तर बाहेर आलेली बाजू वाऱ्याच्या आडोशाला. जोराचा वारा सुटला तर सळया काढून झडपा बंद करा. उघडी झडप पकडूनच वारा तंबू हलवतो.

दवबिंदू:

पाऊस नसताना पाणी येतंय म्हणजे गळती नाहीच. ते तुमच्याच श्वासाचं पाणी. दोन माणसांच्या श्वास आणि घामातून एका रात्रीत पाव-अर्धा लिटर पाणी सहज निघतं. खाली थंड फळी, वर उबदार अंग. वाफ फोममधून खाली उतरते आणि फळीला लागून पाणी होते.

गादीखाली 1 ते 2 सेंमी जाडीची जाळीदार चटई घाला, म्हणजे हवा खेळते. समोरासमोरच्या दोन खिडक्या वरून चार बोटं उघड्या ठेवा. एकच उघडी ठेवून काही साधत नाही, हवेला यायला आणि जायला वेगळी वाट लागते. थंडीच्या भीतीने सगळं बंद करणारेच सकाळी ओल्या गादीची तक्रार करतात. तंबूत शेगडी पेटवून उबेची सोय मात्र अजिबात नको. जळताना वाफ वाढते हे तर झालंच, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि तो झोपेतच मारतो. सकाळी उठल्यावर गादी उभी करून भिंतीला टेकवा आणि बाकीची आवराआवर तोवर करा.

कापड पॉलीकॉटन आहे म्हणून आणखी एक. नवा तंबू पहिल्या मुक्कामाआधी उघडून पाइपने पूर्ण भिजवून वाळवायचा, असं दोन-तीनदा. सुताचा धागा फुगतो आणि शिवणीची सुईची भोकं बुजतात. हे न केलेल्या तंबूत पहिल्या पावसात शिवणीवर थेंब दिसतात आणि लोक तंबूला नावं ठेवतात. पीयू (पॉलीयुरेथेन) लेप असलेल्या पॉलिस्टरला याची गरज नाही, तिथे शिवणीवरची टेप उचलली आहे का एवढं पाहायचं.

चाकावरचा_मुक्काम:

कोपरा उरण्याचं कारण कळलं. उशा बिजागरीवरच असायच्या. मिटवताना तंबू पावसाने ओलाच असेल तर काय करायचं? वाळेपर्यंत थांबणं दरवेळी शक्य नसतं.

दवबिंदू:

ओला बांधायला हरकत नाही, ओला ठेवायला आहे. बांधण्याआधी वरचं छत झटका, फडक्याने पुसा. पांघरुणं सगळी बाहेर काढून गाडीत. गादीवर प्लॅस्टिकचा मोठा कागद पसरा, कारण दुमडताना ओलं कापड दोन गाद्यांच्या मधे सारलं जातं आणि फोम ते पाणी पितो. फोम वाळायला कापडाच्या कितीतरी पट वेळ लागतो.

मग दुसऱ्या दिवशीपर्यंत तंबू उघडा. उष्ण, दमट हवेत दोन-तीन दिवसांत काळे ठिपके येतात आणि सुती कापडावरचे ते ठिपके नंतर पूर्ण निघत नाहीत. बुरशी आलीच तर आधी वाळवून मऊ ब्रशने झाडा, मग साध्या पाण्याने. ब्लीच नको, धागा कुजतो आणि जलरोधक लेपही जातो. उघडल्यावर गादीचं कव्हर काढून फोम वेगळा उभा करायला विसरू नका. वरून कोरडा लागणारा तंबू आत तिथेच ओला असतो.

कडक_कवच:

वर पांघरुणं सपाट ठेवायला सांगितलंय, त्यात माझी दुरुस्ती: मऊ तंबूत ती ठेवूच नका. जाडीपेक्षा वजनाचा प्रश्न मोठा. गाडीच्या टपाची चालत्या स्थितीतली मर्यादा 75 किलो असेल, तंबू 60 चा आणि क्रॉसबार (टपावरचे आडवे दांडे) 5 चे, तर हातात उरले 10 किलो. त्यात दोन जाड पांघरुणं, जाळीची चटई आणि पावसाने भिजलेलं कापड मोजा. उभ्या गाडीची मर्यादा जास्त असते, म्हणून माणसं झोपू शकतात. ते दोन आकडे एक समजू नका आणि क्रॉसबारची मर्यादा वेगळी बघा. चालत्या गाडीसाठी टप आणि क्रॉसबार या दोन्हींत जी कमी, ती खरी.

कडक झाकणाच्या तंबूवाल्यांसाठी एक ओळ: झाकण ओढण्याआधी रबरी सीलवर कापडाची कड आली आहे का ते चारही बाजूंनी हाताने चाचपून बघा. बोटभर कापड बाहेर राहिलं तर ते वातीसारखं पाणी आत ओढतं. दोन्ही कडीखटके लागलेत याची खात्री झाकण वर ओढून करा. चालत्या गाडीत एक खटका सुटला की दुसऱ्यावर सगळा वारा येतो.

नटबोल्ट:

वजनाचं मान्य. पांघरुणं गाडीत.

तंबू बसवण्याचे बोल्ट राहिले. बहुतेक तंबूंना एम8 (8 मिमी व्यासाचे) बोल्ट आणि नायलॉनच्या (आत नायलॉनचं कडं असलेल्या) नटा असतात. नवीन बसवल्यावर पहिल्या 50 किलोमीटरला थांबून पाना लावा, नंतर प्रत्येक प्रवासाआधी. एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका, चारही थोडे थोडे. गरजेपेक्षा जास्त आवळलं तर तंबूच्या पायाची अ‍ॅल्युमिनियमची खाच उघडते आणि मग बोल्ट कितीही फिरवा, पकड बसत नाही. नायलॉनची नट दोन-तीनदा काढली-लावली की बदला.

आणि निघण्याआधी कव्हरसकट गाडीची एकूण उंची मोजून ती चिठ्ठी चालकाच्या नजरेसमोर चिकटवा. मऊ तंबू मिटल्यावर टपावर सहज 30 सेंमी भर घालतो, आणि पार्किंगच्या आडव्या दांड्याखालून जाताना ते आठवत नाही.

चाकावरचा_मुक्काम:

नटा बदलायच्याच आहेत, काल एक हाताने फिरली. चेनचं शिंप्याला दाखवतो. जाळीची चटई दोन तुकड्यांत घेतली तर बिजागरीवर दुमडताना अडचण येईल का?

शिडीची_पायरी:

उलट दोन तुकड्यांतच घ्या, बिजागरीच्या दोन्हीकडे बोटभर जागा सोडून. एकसंध चटई दुमडीवर उभी राहते आणि तुमची चेन परत वीतभर उरेल.